टॉर्क बरोबर, पकड नाही: सरकणाऱ्या झिरोचे एक प्रकरण

"शनिवारी झिरो करते आणि रविवारी तो तिथे नसतो." झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच ठिकाणी यावी म्हणून केलेली स्कोपची जुळणी. ताईंची तक्रार एवढीच होती, आणि ती त्यांनी तीन महिने सोसून मग सांगितली होती.

रायफल .३०८ विंचेस्टरची, बोल्ट-अ‍ॅक्शन, जड बॅरल, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू). ताई पडून, १०० ते ३०० मीटरवर नेम धरतात. पुढे एफ-टीआर प्रकारात (बायपॉडवरून लांब अंतराच्या नेमबाजीत) १,००० यार्डांपर्यंत जायचे त्यांच्या मनात आहे. वर ३० मिमी नळीचा आणि ५६ मिमी ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा) स्कोप, वजन जवळपास एक किलो. त्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा, रिंगांखाली २० एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उताराची एकसंध पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची पट्टी, आणि ती रेल रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य भागाला) चार बारीक स्क्रूंनी बसवलेली.

१०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) २५ मिमीच्या आसपास पडत होता. म्हणजे रायफल आणि काडतूस दोन्ही भरवशाचे. पण दर सत्रात त्या ग्रुपचा मध्य ४० ते ५० मिमी सरकलेला असे, बहुतेक वेळा खाली, कधी खाली आणि डावीकडे. ताईंनी काडतुसांची दुसरी लॉट वापरून पाहिली. मग एका सहकाऱ्याचा खात्रीचा स्कोप आणून लावला. तोही तसाच सरकला, आणि तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. सोबत टॉर्क रेंच होता आणि प्रत्येक स्क्रूचा आकडा लिहिलेली वही. "आवळण्यात काही कमी ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. वही पाहिल्यावर माझेही तेच मत झाले, आणि त्यातच माझा एक दिवस वाया गेला.

वही नीट आहे म्हणून मी माउंटकडे पाहिलेच नाही. बायपॉडवर भार आला की स्टॉकचा पुढचा भाग बॅरलला टेकत असेल, असा माझा अंदाज होता. तसे घडते, विशेषतः प्लॅस्टिकच्या लवचिक स्टॉकमध्ये. बायपॉडवर भार देऊन बॅरल आणि स्टॉकमधून कागदाची पट्टी सरकवली. ती कुठेही न अडकता रिसीव्हरपर्यंत गेली. अ‍ॅक्शनचे स्क्रू, बेडिंग (रिसीव्हरची स्टॉकमधली बैठक), क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड), सगळे ठीक. बायपॉड ज्या स्टडला अडकवतात तो किंचित फिरत होता. तो घट्ट केला, पण त्याने झिरो सरकत नाही. फार तर रायफल हातात वेगळी बसते.

दुसऱ्या दिवशी खालपासून सुरुवात केली. मॅगझिन काढले, बोल्ट काढला, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासले. हे रायफल टेबलावर ठेवण्याआधीचे काम आहे, आणि काल तपासले होते म्हणून आज सोडता येत नाही.

गोळी झाडल्यावर रायफल मागे जाते. स्कोप जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या हिशेबाने तो पुढे सरकू पाहतो. ही ओढ स्कोपच्या नळीतून रिंगेत, रिंगेतून रेलमध्ये आणि रेलमधून रिसीव्हरमध्ये उतरते. म्हणजे सरकायला जागा तीनच: नळी आणि रिंग, रिंग आणि रेल, रेल आणि रिसीव्हर. पहिल्या दोन तपासायला पेंट मार्कर पुरतो. रिंगेच्या कडेला नळीवर एक बारीक रेघ, आणि रिंगेवरून रेलवर उतरणारी दुसरी. वीस गोळ्या झाडल्या. ग्रुप ३० मिमी खाली गेला आणि दोन्ही रेघा केसभरही तुटल्या नाहीत.

उरली रेल. तिथे सहसा कोणी जात नाही, कारण ती एकदा बसवली की तिच्यावर बाकी सगळे चढते आणि तिचे स्क्रू रिंगांखाली किंवा स्कोपखाली झाकले जातात. मी डायल गेजचा चुंबकी पाया बॅरलवर बसवला, सुई रेलच्या पुढच्या टोकावर टेकवली आणि ऑब्जेक्टिव्ह हाताने हलकेच वर उचलला. सुई ०.०६ मिमी सरकली. हात सोडला तर ती पूर्ण परत आली नाही.

०.०६ मिमी ऐकायला काहीच वाटत नाही. साध्या छपाईच्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते, त्याहूनही हे कमी. पण रेलची लांबी १५० मिमी धरली तर ०.०६ भागिले १५० म्हणजे ०.४ मिलिरेडियन (कोनाचे एकक, थोडक्यात मिल), आणि १०० मीटरवर एक मिलिरेडियन म्हणजे १०० मिमी. हिशेब ४० मिमीवर येतो, ताईंच्या वहीतल्या आकड्यावर. दिशाही जुळली. स्कोपचे पुढचे टोक उचलले गेले की दृष्टिरेषा बॅरलच्या तुलनेत वर जाते; क्रॉसहेअर पुन्हा मध्यावर आणायला नेमबाज नकळत बॅरल खाली घेतो, आणि गोळी खाली लागते.

पण वहीत पुढच्या दोन्ही स्क्रूंचा टॉर्क बरोबर लिहिलेला होता. मी रेंच लावून पाहिला. रेंचने ठरल्या जागी टक् केले.

या प्रकरणातला खरा धडा इथे आहे आणि तो मी स्वतः उशिरा शिकलो. टॉर्क रेंच स्क्रू फिरायला होणारा विरोध मोजतो. तो विरोध कुठून येतो हे त्याला कळत नाही. स्क्रूचे डोके रेलवर बसले आणि आटे ताणले गेले, तर विरोध येतो. ही खरी पकड. स्क्रूचे टोक भोकाच्या तळाला आपटले आणि डोके अजून रेलपासून वर तरंगत असले, तरी तितकाच विरोध येतो, तोच आकडा दिसतो, तोच टक् आवाज होतो. रेल मात्र सैलच राहते.

स्कोप उतरवला आणि मागचे दोन स्क्रू काढून फक्त पुढचे दोन, टॉर्कसकट, ठेवले. रेल बोटाने डुलली.

स्क्रू काढून त्यांची टोके भिंगाखाली पाहिली. दोन्हींच्या टोकाला चकचकीत, दाबलेला ठिपका होता. स्क्रू कुठे पोचतो याची शंका असेल तर टोकावर मार्करची शाई लावावी, तो बसवून परत काढावा आणि शाई कुठे पुसली ते पाहावे. इथे त्याची गरजच उरली नाही. या रिसीव्हरमध्ये पुढची दोन्ही भोके बॅरलच्या आट्यांवर उघडतात, आणि स्क्रू थेट बॅरलवर टेकले होते. रेलबरोबर दोन लांबीचे स्क्रू आले होते, दोन आखूड आणि दोन थोडे लांब. बसवणाऱ्याने लांब पुढे आणि आखूड मागे लावले. २० एमओएची रेल मागे जाड असते, म्हणून लांब स्क्रू मागचे. पुड्यातून टेबलावर ओतल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. हे स्क्रू ६-४८ आट्यांचे, म्हणजे इंचाला ४८ आटे. एका फेऱ्यात स्क्रू साधारण ०.५३ मिमी उतरतो. अर्ध्या मिलिमीटरने लांब असलेला स्क्रू म्हणजे पुरा एक फेरा आधीच अडलेला स्क्रू.

उलट चूकही होते, आणि ती जास्त घातक. मागच्या भोकात गरजेपेक्षा लांब स्क्रू गेला तर तो बोल्टच्या वाटेत डोकावतो आणि बोल्ट त्याला घासतो. रेल बसवल्यावर प्रत्येक स्क्रूनंतर बोल्ट घालून तो आधीइतकाच सहज सरकतो ना, हे पाहावे. मी चारही स्क्रू आवळून झाल्यावर पाहत नाही, एकेका स्क्रूनंतर पाहतो. म्हणजे दोषी कोण हे शोधावे लागत नाही.

स्क्रूंची अदलाबदल केली तरी सगळ्यात पुढचा आखूड स्क्रू जेमतेम टेकत होता. भोकाची खोली आणि रेलखाली स्क्रू किती बाहेर येतो, दोन्ही व्हर्नियरने मोजले. टोकाखाली निदान अर्धा मिलिमीटर मोकळा हवा म्हणून स्क्रू कानशीने घासला. घासण्याआधी त्यावर एक नट चढवला; घासून झाल्यावर नट उलटा काढताना टोकाचे आटे आपोआप साफ होतात. नट नसेल तर आट्यांची कड दुमडते आणि तो स्क्रू रिसीव्हरचे आटे खातो. स्क्रू गेला तर नवा मिळतो. रिसीव्हर हा परवान्यावर नोंदलेला भाग आहे.

एवढ्यावर काम झाले असते, पण रेल उतरलेली होती म्हणून दुसरी तपासणीही केली. फक्त पुढचे दोन स्क्रू आवळले आणि मागे रेल आणि रिसीव्हरमधून दिवा धरून पाहिले. उजेड दिसला. फिलर गेजची ०.१५ मिमीची पाती आत गेली. रिसीव्हरचा मागचा पूल रेलच्या अपेक्षेपेक्षा तेवढा बुटका होता. हे कारखान्यात पॉलिश करताना सहज होते आणि रायफलीगणिक बदलते. म्हणजे मागचे स्क्रू रेलला खाली ओढत होते, पुढचे तिला धरत नव्हते, आणि रेल पुढच्या पुलाच्या कडेवर झोके घेत होती. दोन दोष एकमेकांना धरून चालले होते. नुसते स्क्रू बदलले असते तर रेल घट्ट बसली असती, पण वाकून. आणि वाकलेल्या रेलवरच्या दोन रिंगा एका रेषेत राहत नाहीत, त्या स्कोपच्या नळीलाही वाकवतात.

त्यावर उपाय रेलचे बेडिंग, म्हणजे ती फट इपॉक्सीने भरून पक्की बैठक करणे. रिसीव्हरला मेणाचा पातळ हात, मागच्या स्क्रूंच्या आट्यांनाही मेण, रेलच्या मागच्या तळाला स्टीलची भुकटी मिसळलेले इपॉक्सी. पुढचे दोन स्क्रू पूर्ण आवळले. मागचे फक्त वाट दाखवण्यापुरते बोटांनी फिरवले. ते आवळले तर रेल पुन्हा वाकते आणि इपॉक्सी ते वाकडेपणच कायम करते. चोवीस तास हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी रेल उचलली तर खाली रिसीव्हरचा आरशासारखा ठसा उठला होता.

मग आटे आणि भोके तेल काढणाऱ्या द्रवाने कोरडी केली, प्रत्येक स्क्रूला मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावला आणि चारही स्क्रू २.३ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला ताण जास्त येतो, थ्रेडलॉकरही ओला असताना वंगणासारखाच वागतो. म्हणून रेल बनवणाऱ्याच्या कागदावर कोरडा आकडा आहे की ओला, ते वाचून घ्यावे. या प्रकारच्या कामात तो कागद माझ्या अनुभवापेक्षा वरचा.

रिंगांकडे वळलो तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी झाली. ताई नेम धरताना गाल स्टॉकवर टेकवतच नव्हत्या, हनुवटी टेकवत होत्या. रिंगा फार उंच होत्या. त्यांनी मुद्दाम उंच घेतल्या नव्हत्या; त्यांना मध्यरेषेपर्यंत २३ मिमीच्या हव्या होत्या आणि वेष्टनावर २३ मिमीच लिहिले होते. पण काही उत्पादक उंची रेलच्या माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंत मोजतात आणि काही नळीच्या तळापर्यंत. ३० मिमी नळीत हा फरक १५ मिमीचा. ताईंच्या हाती मध्यरेषेला ३८ मिमीच्या रिंगा आल्या होत्या. माउंट विकत घेताना मला सगळ्यात जास्त लोक इथेच फसलेले दिसतात, आणि त्यांचा दोष नसतो.

हिशेब सोपा आहे, तो खरेदीआधी करावा. स्कोपच्या पुढच्या भांड्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला: ६२ मिमी, अर्धा ३१. ५६ हा आकडा काचेचा असतो, बाहेरचे भांडे त्याहून मोठेच. भांडे जिथे येते तिथे बॅरलचा माथा रेलच्या माथ्याहून १२ मिमी खाली होता. ३१ वजा १२ म्हणजे १९. झाकण आणि मोकळी हवा यांसाठी ३ मिमी, म्हणजे कमीत कमी २२. मागे बोल्टची मूठ वर उचलल्यावर आयपीसला आणि झूमच्या दांडीला लागते का तेही पाहिले. २४ मिमी मध्यरेषेच्या स्टीलच्या रिंगा ठरवल्या. गाल टेकला, डोके स्थिर झाले. डोके दर वेळी वेगळ्या जागी असेल तर पॅरलॅक्सची चूकही (डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) दर वेळी वेगळी होते, आणि ताईंच्या ग्रुपमधली उरलीसुरली रुंदी मला वाटते याच कारणाची होती.

२० एमओएची रेल ठेवावी का, हे ताईंनी विचारले. ठेवावी. त्यांच्या स्कोपमध्ये नेम वर-खाली फिरवण्याचा एकूण प्रवास ६० एमओए आहे, म्हणजे मध्यापासून वर ३०. .३०८ ला १,००० यार्डांसाठी १०० च्या झिरोपासून साधारण ३५ ते ४० एमओए लागतात. सपाट रेलवर ते अंतर त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले असते. उतारामुळे वर ५० मिळतात, आणि खाली उरलेले १० शंभर मीटरच्या झिरोला पुरतात. जो फक्त ३०० मीटरपर्यंतच झाडणार त्याला पाच-सहा एमओएच लागतात. त्याने सपाट रेल घ्यावी आणि स्कोप त्याच्या मध्याजवळ वापरावा.

रेलच्या खाचांबद्दलही थोडे, कारण ताईंकडे एक जुनी जोडी वीव्हर पद्धतीची होती. पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांमधले अंतर ठरलेले, १०.०१ मिमी. हे मोजमाप १९९५ च्या अमेरिकी लष्करी मानकाने पक्के केले. वीव्हरची खाच ४.५७ मिमी आणि अंतर ठरलेले नाही. म्हणून वीव्हरची रिंग पिकॅटिनी रेलवर बहुधा बसते, पण तिची आडवी दांडी खाचेत सैल राहते. उलट बाजूने पिकॅटिनीची रिंग वीव्हर बेसवर बसेलच असे नाही. .२२ आणि एअर रायफलींवर बहुतेकदा ११ मिमीचे डव्हटेल (तिरप्या कडांची खोबण) असते, तो वेगळाच संसार. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन पुढे जाऊन थांबतो तेव्हा उलट दिशेनेही हिसका बसतो, म्हणून तिथे स्टॉप-पिनवाले एकसंध माउंट लागते आणि तो हिसका सोसणारा स्कोपही.

रिंगा रेलवर ठेवल्यावर आवळण्याआधी पुढे ढकलायच्या, आडवी दांडी खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत. धक्क्यात स्कोप जिकडे जाऊ पाहतो तिकडची जागा आधीच संपवायची. मग आडवे बोल्ट. या स्टीलच्या रिंगांना उत्पादकाने ७.३ न्यूटन-मीटर सांगितले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या अनेक रिंगांना एवढे आवळले तर आटे निघून येतात.

रिंगा घासून जुळवाव्यात का, यावर खूप वाद होतात. माझे मत असे की आधी रेल सरळ करा. सरळ रेलवर चांगल्या रिंगा बहुतेकदा घासाव्या लागत नाहीत. ३० मिमीचा घोटलेला दंडगोल दोन्ही रिंगांत ठेवला; तो कुठे डुलला नाही, शाईचा ठसा दोन्हींत जवळपास पूर्ण उठला. घासले नाही. टोकदार सळ्या समोरासमोर आणून पाहण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण सळीचे टोक मध्यावर नसेल तर सरळ रिंगाही वाकड्या दिसतात.

जुन्या रिंगांनी स्कोपच्या नळीवर वर्तुळाकार दाबाचे ओरखडे ठेवले होते, आणि पॅरलॅक्सचा बाजूचा गोळा जड फिरत होता. झिरो सरकतो म्हणून ताई रिंगांच्या टोप्या (वरचे अर्धे भाग) दर वेळी थोड्या जास्त आवळत गेल्या होत्या. नव्या टोप्या १.८ न्यूटन-मीटरवर, तिरक्या क्रमाने, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवून बसवल्या. गोळा पुन्हा मोकळा फिरू लागला. नळी आतून बिघडलेली नव्हती.

टोप्या आवळताना स्कोप थोडा वळतो, म्हणून रेटिकल (स्कोपमधल्या क्रॉसहेअरच्या रेघा) सरळ आहे ना, हे शेवटी तपासावे लागते. रेलवर स्पिरिट लेव्हल ठेवून रायफल व्हाइसमध्ये समतल केली, समोर २५ मीटरवर ओळंबा टांगला आणि उभी रेघ त्याच्या दोरीला जुळवली. टरेटच्या (नेम फिरवण्याच्या घुंडीच्या) टोपणावर लेव्हल ठेवून काम भागवू नये, टोपण चौरस असतेच असे नाही. हे का महत्त्वाचे? रेटिकल ३ अंशांनी कललेले असताना १० मिल वर फिरवले तर गोळी अर्ध्या मिलहून थोडी जास्त बाजूला जाते. शंभर मीटरच्या झिरोवर ते कळत नाही, लांबच्या अंतरावर वाऱ्याच्या माथी मारले जाते.

बोल्ट काढून बॅरलमधून २५ मीटरवरचे लक्ष्य पाहिले, स्कोप त्यावर आणला, तिथे दोन गोळ्या झाडल्या, मग १०० मीटरवर गेलो. दहा गोळ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा रेंचने तपासले. कोणी हलला नाही. उंच कागदावर ओळंब्याच्या रेघेशेजारी १० मिल वर फिरवून झाडले, एक मीटर वर लागायला हवे होते आणि लागले. चार सत्रांत मिळून साठ गोळ्या झाल्या. ग्रुपचा मध्य १० मिमीच्या आत राहिला, आणि डायल गेजची सुई ऑब्जेक्टिव्ह उचलल्यावर परत शून्यावर येते.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. घासलेला पुढचा स्क्रू आता थोड्याच आट्यांवर उभा आहे, आणि ६-४८ चा स्क्रू मुळातच साडेतीन मिलिमीटरचा. एक किलोचा स्कोप १,००० यार्डांच्या स्पर्धांत शेकडो गोळ्या सोसणार असेल तर चारही भोके ८-४० आट्यांची करून घ्यावीत, असे मी ताईंना सांगितले आहे. ते रिसीव्हरवरचे काम आहे आणि ते परवानाधारक गनस्मिथकडेच होईल. तोपर्यंत दर शंभर गोळ्यांनी त्या रेलच्या टोकावर डायल गेज लावतात आणि वहीत टॉर्कच्या आकड्याशेजारी सुईचा आकडाही लिहितात.